पाचशे एकावे पान

प्रश्न बडोद्यातल्याच एका संस्थेतून आला आहे. जुन्या मराठी आणि गुजराती मासिकांची सुमारे चार लाख पाने स्कॅन करून, त्यांचे ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरे मजकुरात बदलून) इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रात घातली आहेत. इंडेक्सचे, म्हणजे शोधाच्या सूचीचे, पाच शार्ड (तुकडे) आहेत आणि एका पडद्यावर वीस निकाल दिसतात. ‘बडोदे’ शोधले की हजारो पाने सापडतात. पहिले काही पडदे झटकन येतात, पुढे जावे तसा वेळ लागत जातो आणि पाचशे एकाव्या पडद्यावर सरळ एरर येते. इलॅस्टिकसर्चची दहा हजार निकालांची मर्यादा वाढवून दहा लाख केली तर चालेल का? नाहीतर निकाल पानापानांनी द्यायची बरोबर पद्धत कोणती?

मर्यादा वाढवू नका. ती दहा हजारांवर का ठेवली आहे हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप सुटेल.

पाच शाळांतल्या मुलांची मिळून एक गुणवत्ता यादी करायची आहे, आणि तिच्यातले फक्त ९,९८१ ते १०,००० क्रमांक हवे आहेत, असे समजा. प्रत्येक शाळेकडून किती नावे मागवाल? दोन हजार मागवून भागणार नाही, कारण पहिली दहा हजार मुले एकाच शाळेतली निघू शकतात. म्हणून प्रत्येक शाळेला आपली पहिली दहा हजार नावे पाठवावी लागतात. तुमचा पाचशेवा पडदा नेमके हेच करतो. प्रत्येक शार्ड दहा हजार नोंदींची क्रमवार यादी तयार करतो, पन्नास हजार नोंदी एका नोडकडे (एका सर्व्हरकडे) येतात, तो त्या एकत्र लावतो, वीस ठेवतो आणि ४९,९८० फेकून देतो. पहिल्या पडद्याला हाच हिशेब शंभर नोंदींचा असतो. शिवाय वाचकाने ‘पुढे’ दाबले की आधीचे काहीही उपयोगी पडत नाही, सगळे पुन्हा पहिल्यापासून. ‘अमुक इतके सोडून पुढचे द्या’ या मागणीत सोडलेलेही मोजावेच लागतात, आणि हे कुठल्याही शोधयंत्रात टळत नाही.

चार लाख पानांचा इंडेक्स एवढ्याने झोपणार नाही, हे खरे. एका शार्डात सरासरी ऐंशी हजार पाने, म्हणजे यादी त्याच्या पुढे जाणारच नाही. एकच माणूस खोल गेला तर चालून जाईल. पण तुमच्या पडद्यांना क्रमांकाच्या लिंक आहेत, आणि सर्च कंपन्यांचे बॉट त्या लिंक पकडून रात्रभर एकेक पडदा उघडत बसतात. तेव्हा मेमरी भरते आणि सकाळी वाचनालय उघडल्यावर साधा शोधही अडकतो. तरीही वेग हा माझ्या मते दुय्यम मुद्दा आहे. पडद्याच्या क्रमांकाने वाचकाची फसवणूक होते, आणि मला ते जास्त टोचते.

हे मी स्वतः घडवलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयासाठी असाच शोध बांधला होता, तारखेप्रमाणे जुन्याकडून नव्याकडे लावलेला. तिथे एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी येत. बडोद्यात येऊन गेलेल्या नाटक मंडळ्यांचे उल्लेख ते शोधत होते. प्रत्येक निकाल उघडायचा, वाचायचा, वहीत टिपायचा, आणि उठताना तळाशी लिहायचे : ‘पान ३७ पर्यंत पाहिले.’ दुसऱ्या दिवशी अडतीसपासून सुरुवात. मधल्या एका रात्री आम्ही दोनदा स्कॅन झालेली पाने इंडेक्समधून काढून टाकली. त्यांतली चौदा त्यांच्या निकालांत अडतीसच्या आधी येत होती. ती गेल्याबरोबर मागचे सगळे निकाल चौदा जागा वर सरकले, आणि काल अडतीसाव्या पडद्याच्या सुरुवातीला असलेले चौदा निकाल आज सदतीसाव्याच्या शेवटी जाऊन बसले. शिक्षकांनी अडतीस उघडला. ते चौदा निकाल त्यांनी कधीच पाहिले नाहीत. त्यातला एक उल्लेख पुढे त्यांना दुसऱ्याच कुणाच्या संग्रहात सापडला आणि ते विचारायला आले, ‘हा अंक तर तुमच्याकडे आहे, मग मला का नाही दिसला?’ पान इंडेक्समध्ये होते, शोधातही येत होते. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर आले नव्हते. नव्या पानांची भर पडली असती तर उलटे झाले असते : काल पाहिलेलेच पुन्हा दिसले असते. ते निदान लक्षात येते. गाळले गेलेले कुणाच्याच लक्षात येत नाही.

आपण बडोदेकर आहोत, म्हणून एक आठवण काढतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातले पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी अजून त्या काळाची साक्ष देतात. जुन्या ग्रंथालयात कार्डांचा खण ज्याने चाळला आहे त्याला आठवेल : चार हजारावे कार्ड काढून द्या, असे कुणी म्हणत नसे. खण ओढायचा, मधल्या उंच मार्गदर्शक कार्डावरचे अक्षर पाहायचे, आणि तिथून पुढे बोटाने एकेक कार्ड मागे टाकायचे. जेवायला उठायचे झाले तर शेवटच्या कार्डावरचे नाव लक्षात ठेवायचे. परत येईपर्यंत मागे दहा कार्डे नवी घातली गेली तरी फरक पडत नसे, कारण आपण आकडा लक्षात ठेवलेला नसून नाव ठेवलेले असते.

शोधयंत्रातही हेच करायचे. ‘दहा हजार सोडून पुढचे वीस’ हा प्रश्न टाकून द्या आणि ‘या नोंदीच्या पुढचे वीस’ असा विचारा. इलॅस्टिकसर्चमध्ये याला सर्च आफ्टर म्हणतात, सोलर या दुसऱ्या शोधयंत्रात कर्सर मार्क, आणि दोन्हींच्या पोटात असलेल्या ल्यूसीन या शोधाच्या लायब्ररीतही हीच सोय आहे. शेवटच्या निकालाच्या सॉर्टच्या किमती, म्हणजे ज्यांवरून तो क्रमात बसला त्या (उदाहरणार्थ त्याची तारीख), उत्तरातच येतात. त्या पुढच्या मागणीत जशाच्या तशा पाठवायच्या, हीच आपली खूण. आता प्रत्येक शार्ड खुणेच्या अलीकडचे बाजूला सारतो आणि फक्त वीस नोंदींची यादी सांभाळतो. पाच शार्डांचे मिळून शंभर, मग वाचक दुसऱ्या पडद्यावर असो की दोन हजाराव्या. दहा हजारांची मर्यादाही इथे आडवी येत नाही.

इथे एक चूक बहुतेक सगळेच एकदा करतात, म्हणून जरा थांबतो. खूण म्हणून फक्त तारीख ठेवली तर काय होईल ते तुमच्याच संग्रहात बघा. मासिकाच्या एका अंकाची सगळी पाने एकाच तारखेची. समजा जानेवारी १९३१ च्या अंकात तेरा पानांवर ‘बडोदे’ आहे आणि वीसचा पडदा त्यातल्या सातव्या पानावर संपला. पुढची मागणी गेली : ‘१ जानेवारी १९३१ च्या नंतरचे द्या.’ उरलेली सहा पाने नंतरची नाहीत, त्याच तारखेची आहेत. ती कायमची गळाली, आणि एररही आली नाही. म्हणून सॉर्टमध्ये तारखेमागोमाग दुसरी किंमत हवीच, आणि ती प्रत्येक पानाला वेगळी असली पाहिजे : मासिकाचे नाव, अंकाचा क्रमांक आणि पान क्रमांक जोडून केलेली ओळख चालेल. तिच्यासाठी वेगळे कीवर्ड फील्ड (शब्द न तोडता जसाच्या तसा ठेवणारा रकाना) ठेवा. इलॅस्टिकसर्चच्या अंगच्या आयडी फील्डवर सॉर्ट करायला जाऊ नका, ते मेमरी खाते. सोलर या बाबतीत कडक आहे : सॉर्टमध्ये युनिक की नसेल तर तो कर्सर देतच नाही. मला ती कडक शिस्त आवडते.

तारीख हीच खूण होणार म्हटल्यावर ती नीट असली पाहिजे, आणि बडोद्याच्या संग्रहात हे काम वाटते तेवढे सोपे नाही. मराठी मासिकावर शके असतो, गुजराती मासिकावर विक्रम संवत. शके १८४७ चा चैत्र १९२५ मध्ये येतो, पण त्याच शकाचा माघ १९२६ मध्ये. गुजरातेतला संवत तर दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो : संवत १९८२ सुरू झाला १९२५ च्या शेवटाकडे, आणि त्याचे बहुतेक महिने १९२६ मध्ये पडले. सरसकट ७८ मिळवून किंवा ५६ वजा करून तारखा भरल्या असतील तर वर्षाच्या टोकांचे अंक चुकीच्या जागी बसलेले असतील. अंकावर महिना छापलेला असतोच, तो धरून एकच इसवी तारीख इंडेक्समध्ये ठेवा. मूळ शके किंवा संवत फक्त दाखवण्यासाठी वेगळ्या फील्डमध्ये राहू द्या.

तारीख एकदा सरळ झाली की आणखी एक सोय हाती येते. खूण ही आधीच्या उत्तरातूनच मिळाली पाहिजे असे काही नाही, ती आपणही बनवू शकतो. वाचकाने १९२५ निवडले तर ‘१ जानेवारी १९२५’ आणि त्यापुढे रिकामी ओळख अशी खूण करून पाठवा, शोध थेट त्या वर्षाच्या तोंडाशी जाऊन उभा राहील. तुमच्या वाचकाला दोनशे चौदावा पडदा मुळात कधीच नको असतो. त्याला हवे असते एकोणीसशे तीसच्या आसपासचे काहीतरी, आणि क्रमांकांच्या लिंकवर तो अंदाजाने उड्या मारत बसतो, कारण आपण त्याला दुसरे काही दिलेलेच नसते. निकालांच्या बाजूला दशके आणि वर्षे, प्रत्येकापुढे सापडलेल्या पानांची संख्या, अशी पट्टी द्या. माझ्या वाचनालयात ही पट्टी आल्यावर ‘पडदा क्रमांक परत द्या’ अशी एकही तक्रार आली नाही.

‘मागे’ जायचे असेल तर ब्राउझरमध्ये आधीच्या खुणा एकावर एक रचून ठेवायच्या आणि वरची उचलायची. किंवा सॉर्ट उलटा करून, पडद्यावरच्या पहिल्या निकालाची खूण देऊन वीस मागायचे आणि हातात आल्यावर उलटे लावायचे. ‘शेवटचा पडदा’ही तसाच : उलट्या सॉर्टचा पहिला पडदा. पुढे आणखी आहे की नाही हे कळायला वीसऐवजी एकवीस मागा आणि एकविसावा दाखवू नका.

आता अवघड भाग. वरचे सगळे तारखेच्या सॉर्टला चोख लागू पडते, कारण पानाची तारीख बदलत नाही. पण तुमचा नेहमीचा सॉर्ट स्कोअरप्रमाणे, म्हणजे पान शोधाशी किती जुळते याच्या गुणांप्रमाणे आहे, आणि स्कोअर स्थिर नसतो. गुण काढायच्या बीएम २५ या सूत्रात शब्द संग्रहात किती दुर्मीळ आहे यावरही गुण ठरतात. नवी पाने आली की शब्दाची दुर्मीळता बदलते, आणि जुन्या पानांचेही गुण हलतात. कालची खूण ‘१२.४’ आज वेगळ्याच जागी पडते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे इंडेक्सला हात न लावताही गुण वेगळे येऊ शकतात. शार्डाच्या दोन प्रती असतात, खोडलेल्या नोंदी दोन्हींतून एकाच वेळी साफ होत नाहीत आणि गुणांच्या हिशेबात त्या तोवर धरल्या जातात. पहिला पडदा एका प्रतीकडून आला, दुसरा दुसरीकडून, की एखादा निकाल दोनदा दिसतो आणि एखादा नाहीसा होतो. यावर सोपा इलाज म्हणजे मागणीबरोबर प्रेफरन्स म्हणून वाचकाच्या सेशनची ओळख पाठवणे. मग त्याच्या मागण्या त्याच प्रतींकडे जात राहतात.

पक्का इलाज पॉइंट इन टाइम. इलॅस्टिकसर्चमध्ये तो ७.१० पासून आहे. शोध सुरू करताना इंडेक्सची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायला सांगायचे आणि मिळालेली ओळख प्रत्येक मागणीत द्यायची. मग मागे कितीही भर पडो, या वाचकापुरता संग्रह गोठलेला राहतो. बरोबरी सोडवणारी, म्हणजे प्रत्येक नोंदीला वेगळी असलेली किंमतही यंत्र स्वतः जोडते. मात्र उत्तरात ओळख बदलून येऊ शकते, म्हणून दर वेळी सगळ्यात ताजीच वापरा. शिवाय गोठवलेली स्थिती उघडी असेपर्यंत जुने सेगमेंट (इंडेक्सच्या फाइलींचे तुकडे) डिस्कवरून पुसता येत नाहीत. म्हणून मुदत पाच मिनिटांची ठेवा, प्रत्येक मागणीबरोबर ती वाढवता येते, आणि काम झाले की स्वतः बंद करा. एक तासाची मुदत देऊन निर्धास्त बसलात तर रोज रात्री नवी पाने चढवणाऱ्या संग्रहात डिस्क भरत जाईल. वाचकाने दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत यावे ही अपेक्षा यातून पुरी होत नाही. त्यासाठी तारखेचा सॉर्ट आणि तारीख-ओळखीची खूण असलेली लिंकच हवी.

पूर्वी यासाठी स्क्रोल नावाची सोय वापरत. खोल पडद्यांसाठी ते आता इलॅस्टिकसर्चचे लोकही सुचवत नाहीत, तुमच्या कुठल्या जुन्या कोडमध्ये असेल तर बदला.

‘एकूण ६३,२१८ निकाल’ ही ओळ तुमच्या समितीला फार प्रिय असेल, पण तिची किंमत समजून घ्या. ल्यूसीनच्या आठव्या आवृत्तीपासून शोधयंत्र हुशार झाले आहे : एखाद्या गटातल्या पानांना जास्तीत जास्त किती गुण पडू शकतात हे त्याला आधी माहीत असते, आणि ते पहिल्या विसांत येणे शक्य नसेल तर तो गट न वाचताच पुढे जाते. अचूक बेरीज मागितलीत की त्याला प्रत्येक पान मोजावेच लागते आणि ही सगळी बचत जाते. म्हणूनच इलॅस्टिकसर्च ७ पासून बेरीज आपणहून दहा हजारांपर्यंतच करते. ‘१०,००० हून अधिक’ असे लिहा. ज्याला अचूक आकडा हवा त्याच्यासाठी वेगळे बटण ठेवा, किंवा वर्षांच्या पट्टीतली बेरीज वापरा.

पहिलाच पडदा हळू येत असेल तर दोष पडद्यांचा नसेल. निकाल दोन टप्प्यांत येतात : आधी फक्त ओळखी आणि गुण, मग वीस पानांचा मजकूर. या दुसऱ्या टप्प्यात तुम्ही ओसीआरचा सगळा मजकूर मागवत असाल आणि त्यात शब्द पिवळे करत असाल, तर वेळ तिथे जातो. मजकूर मागवू नका, फक्त दोन-तीन तुकडे मागवा. आणि ‘बडोद्यात’, ‘बडोद्याचे’, ‘बडोदेकर’ हे सगळे एका मुळाशी आणले असेल तर निकाल कितीतरी वाढणारच. ते चांगलेच आहे, फक्त मग अंकवार गट करून दाखवा, म्हणजे एका अंकाची दहा पाने सलग डोळ्यांवर येणार नाहीत.

तुमच्या पुस्तकांची सूची पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे असेही लिहिले आहे. तिथे खुणेची पद्धत तीच, पण अपेक्षा जरा कमी ठेवा. पोस्टग्रेसच्या जिन नावाच्या शब्दांच्या इंडेक्सला शब्द कुठल्या नोंदीत आहे एवढेच कळते, गुण कळत नाहीत. गुणांप्रमाणे लावायचे तर सापडलेली प्रत्येक नोंद उघडून गुण काढावे लागतात, पहिल्या पडद्यालाही. खुणेने ते काम वाचत नाही. पहिल्या हजार नोंदींच्या ओळखी काढून पाच मिनिटे कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवणे तिथे जास्त उपयोगी. आठ बाइटची एक ओळख धरली तर हजारांचे आठ हजार बाइट, म्हणजे काहीच नाही. शिवाय तिथे गुण काढणारे टीएस रँक हे फंक्शन मजकुराच्या लांबीचा विचार आपणहून करत नाही, त्यामुळे शब्द एकदाच आलेल्या हजारो नोंदींना नेमका तोच गुण पडतो, नेहमीच्या वजनांवर ०.०६०७९२७१. बरोबरी सोडवणारी ओळख नसेल तर क्रम कसाही लागतो. हा आकडा रिअल, म्हणजे कमी अचूकतेच्या अपूर्णांकाच्या प्रकारचा आहे. खुणेतून परत पाठवताना तो रिअलमध्येच कास्ट करा, नाहीतर जास्त अचूक अशा डबल प्रकाराशी तुलना होऊन ‘बरोबर’ असलेले बरोबर ठरत नाही आणि त्या गुणाचा सगळा गठ्ठा एकतर पुन्हा येतो किंवा गळतो.

कुणाला सगळेच निकाल उतरवून हवे असतील, तर त्याला पडदे पालटायला लावू नका. मागच्या बाजूने पॉइंट इन टाइम उघडून, गुण न काढता, एका वेळी हजार नोंदी घेत फाइल करून द्या. आणि बॉटना शोधाच्या लिंकवर येऊच देऊ नका.

हे सगळे बसवल्यावर लोकांपुढे ठेवण्याआधी एक चाचणी नक्की करा, मी प्रत्येक बदलानंतर करतो. ‘आणि’ हा शब्द शोधा, कारण मराठी मजकुराच्या जवळजवळ प्रत्येक पानावर तो असतो. पहिल्या पडद्यापासून शेवटापर्यंत खुणेखुणेने चालत जा आणि प्रत्येक ओळख एका फाइलीत लिहा. ओळखी किती, त्यातल्या वेगळ्या किती, आणि अचूक बेरीज किती, हे तीन आकडे जुळले पाहिजेत. मग तीच चाचणी पाने चढवण्याचे आणि खोडण्याचे काम मागे चालू असताना करा, एकदा तारखेच्या सॉर्टवर आणि एकदा गुणांच्या. तारखेच्या फाइलीत, सुरुवातीला असलेले आणि मध्ये न खोडलेले प्रत्येक पान एकदाच सापडले पाहिजे. एखादे जरी राहिले असेल तर त्याची तारीख काढून पाहा. बहुधा ते अशा अंकातले निघेल, जो पडद्याच्या टोकावर दोन भागांत कापला गेला होता.